पुसलेल्या टेपा, जपलेली कपाटं

अमेरिकेच्या सीबीएस वाहिनीवर २ ऑक्टोबर १९५९ रोजी ‘द ट्वायलाइट झोन’ ही मालिका सुरू झाली आणि १९ जून १९६४ रोजी थांबली. पाच हंगाम, १५६ भाग. दर भागात नवी गोष्ट, नवी माणसं, कधी दुसरा ग्रह, कधी आपल्याच गल्लीसारखी गल्ली. आज ही सगळी मालिका ब्लू-रे डिस्कच्या संचात मिळते. तो संच पाहायला घेतला की पहिल्या हंगामाचं चित्र थक्क करतं. कृष्णधवल आहे, पण नटाच्या कपाळावरचा घाम, कोटाच्या कापडाची वीण, दाराच्या रंगाला गेलेले तडे, सगळं स्वच्छ दिसतं. दुसऱ्या हंगामात मात्र मध्येच एक भाग असा लागतो की चित्र पुसट आणि सपाट होतं. माणसांच्या कडा विरघळतात. असे एकूण सहा भाग आहेत.

डिस्कमध्ये काही दोष नाही. ते सहा भाग फिल्मवर घेतलेच नव्हते. १९६० साली खर्च आवळायचा म्हणून वाहिनीने ते स्टुडिओत व्हिडिओ टेपवर चित्रित करून पाहिले. दर भागामागे पाचेक हजार डॉलर वाचले. पण रस्त्यावर, माळावर जाऊन चित्रण करणं त्या अवजड यंत्रांना जमत नव्हतं, संकलन जिकिरीचं होतं आणि चित्र तर दिसायला गरीबच होतं. सहा भागांनंतर तो प्रयोग सोडून दिला गेला. उरलेले दीडशे भाग ३५ मिलिमीटर फिल्मवर असल्यामुळे पन्नास वर्षांनी त्यांच्या मूळ निगेटिव्ह पुन्हा स्कॅन करता आल्या. १९६० च्या टीव्हीला दाखवताच येत नव्हता इतका तपशील त्या निगेटिव्हमध्ये आधीपासून साठलेला होता. टेपचं तसं नसतं. टेपवर चित्र विजेच्या संकेताच्या रूपात उतरतं, आणि अमेरिकन पद्धतीत तो संकेत ५२५ आडव्या रेषांचा. त्यापलीकडचा तपशील नोंदलाच जात नाही, त्यामुळे नंतर तो कुठल्याही यंत्राला काढून देता येत नाही.

एकाच संचात फिल्म आणि टेप अशा शेजारी-शेजारी पाहायला मिळतात, म्हणून मला हा संच फार मोलाचा वाटतो. टीव्हीवरची गोष्ट पुढच्या पिढीपर्यंत पोचेल की नाही हे ती किती चांगली लिहिली आहे यावर फारसं ठरत नाही. ती कशावर नोंदली आणि नंतर कोणी जपली, यावर ठरतं. धाराशिव जिल्ह्यातल्या घराघरांत माळ्यावर, कपाटाच्या तळाशी पडलेल्या व्हिडिओ कॅसेटींनाही हाच नियम लागू आहे. त्यांच्याकडे यायचं आहे, पण आधी ही मालिका जपण्यासारखी का होती ते सांगायला हवं.

तिचा कर्ता रॉड सर्लिंग. जन्म २५ डिसेंबर १९२४. दुसऱ्या महायुद्धात छत्रीधारी सैनिक म्हणून तो फिलिपिन्समध्ये लढला आणि परत आल्यावर टीव्हीसाठी नाटकं लिहू लागला. १९५५ साली मिसिसिपी राज्यात एमेट टिल या चौदा वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाची हत्या झाली आणि आरोपी सुटले. सर्लिंगने त्यावर नाटक लिहिलं. जाहिरातदारांनी आणि वाहिनीने त्यातला कृष्णवर्णीय माणूस काढला, दक्षिणेकडचं गाव काढलं, जे जे बोचेल ते सगळं काढलं. १९५६ मध्ये ते नाटक सादर झालं तेव्हा त्यात मूळ प्रश्नच उरला नव्हता. त्यानंतर सर्लिंग विज्ञानकथेकडे वळला. वर्तमानातल्या आमदार-खासदारांच्या तोंडी जे घालता येत नाही, ते मंगळावरच्या रहिवाशाच्या तोंडी घातलं तर जाहिरातदार हरकत घेत नाही, हे त्याने ओळखलं होतं. मालिकेच्या १५६ भागांपैकी ९२ त्याने स्वतः लिहिले. बाकीच्यांत रिचर्ड मॅथेसन आणि चार्ल्स बोमाँट यांचा वाटा मोठा.

४ मार्च १९६० रोजी दाखवलेला मेपल स्ट्रीटचा भाग घ्या. उन्हाळ्यातली संध्याकाळ. गल्लीवरून काहीतरी गर्जत जातं आणि सगळ्यांची वीज जाते, फोन बंद पडतात, गाड्या सुरू होत नाहीत. एक पोरगा म्हणतो की परग्रहवासी आलेत, आणि ते आधी आपली माणसं आपल्यात पेरून ठेवतात. मोठी माणसं हसतात. मग एकाचीच गाडी आपोआप सुरू होते आणि सगळ्यांच्या माना त्याच्याकडे वळतात. रात्री उशिरा घराबाहेर उभा राहून आकाश कशाला बघतोस? तळघरात कसला रेडिओ बनवतोस? अर्ध्या तासात शेजारी शेजाऱ्यावर गोळी झाडतो. टेकडीवर बसलेले खरे परग्रहवासी फक्त बटणं दाबत असतात. बाकी काम गल्लीच करते. ज्यांनी मराठवाड्यात भारनियमनाच्या रात्री काढल्या आहेत, त्यांना अंधारात गल्लीचा आवाज कसा बदलतो हे सांगायला नको. पण त्या अंधारातही आपण एकमेकांच्या ओट्यावर जाऊन बसत होतो. सर्लिंगने नेमकी ती शक्यता काढून घेतली, म्हणून तो भाग इतका हादरवतो.

किंवा २० नोव्हेंबर १९५९ चा भाग. जाड भिंगाचा चष्मा लावणारा बँकेतला कारकून. बायको वाचू देत नाही, साहेब वाचू देत नाही. जेवणाच्या सुट्टीत तो तिजोरीच्या खोलीत बसून वाचत असताना बाहेर अणुबॉम्ब पडतो. तो एकटाच जिवंत राहतो. शहरभर हिंडतो, शेवटी त्याला ग्रंथालयाचे अवशेष सापडतात आणि महिन्यामहिन्याचे पुस्तकांचे ढीग लावून तो सुखावतो. तेवढ्यात चष्मा पडतो आणि फुटतो. पंचवीस मिनिटांत एवढं सांगून होतं. पुढच्या आठवड्यात ही माणसं परत येणार नाहीत, त्यामुळे त्यांचं काहीही होऊ शकतं. स्वतंत्र कथांच्या मालिकेची ताकद इथे आहे. लांबत जाणाऱ्या मालिकेत नायकाला सांभाळावं लागतं. इथे लेखकाला त्याची गरज नसते.

आता घरी आणायच्या संचांबद्दल. मालिका संपल्यावर तिचे भाग अमेरिकेतल्या लहान-मोठ्या केंद्रांना पुनःप्रक्षेपणासाठी विकले गेले. तिथे जाहिरातींना जागा करायची म्हणून भागांना कात्री लागली. काही भाग तर वर्षानुवर्षं दाखवलेच गेले नाहीत, काही कायद्याच्या भांडणांमुळे, आणि ‘द एन्काउंटर’ हा एक भाग जपानी वंशाच्या माणसांबद्दलच्या वादग्रस्त आशयामुळे. एका अमेरिकन शेतमजुराचा मुलगा सत्तरच्या दशकात ही मालिका रोज पाहत मोठा झाला असता, तरी त्याने ती पूर्ण पाहिलेली नसती. आधी व्हीएचएस कॅसेटी, मग लेझर डिस्क, मग डीव्हीडी, २०१० पासून ब्लू-रे, असे संच येत गेले आणि प्रेक्षकाला पहिल्यांदा मूळ लांबीचे, न कापलेले भाग मिळाले. वाहिनीपेक्षा कपाट जास्त प्रामाणिक ठरलं. सर्लिंग हे पाहायला नव्हता. त्याने आपला हक्क सीबीएसला आधीच विकून टाकला होता, आणि २८ जून १९७५ रोजी वयाच्या पन्नासाव्या वर्षी तो गेला.

अमेरिकेत फिल्म होती म्हणून हे शक्य झालं. ब्रिटनमध्ये काय झालं ते पाहिलं की फरक कळतो. बीबीसीने १९६५ ते १९७१ या काळात ‘आउट ऑफ द अननोन’ नावाची अशीच मालिका केली. तिची पहिली निर्माती आयरीन शुबिक विज्ञानकथेची जाणकार वाचक होती. तिने आयझॅक अॅसिमॉव्ह, जॉन विंडम, ई. एम. फॉर्स्टर अशा लेखकांच्या कथा पडद्यावर आणल्या. एकूण ४९ भाग झाले. आज त्यांतले फक्त २० पूर्ण स्वरूपात उरले आहेत. बाकीचे पुसले गेले.

कोणाच्या दुष्टपणामुळे नाही. अॅम्पेक्स कंपनीने १९५६ साली बाजारात आणलेली व्हिडिओ टेप दोन इंच रुंद होती आणि तासाभराच्या रिळाला सुमारे ३०० डॉलर पडत. त्या काळात एवढ्या पैशांची वस्तू एकदा वापरून कपाटात ठेवणं हिशेबनिसाला पटणारं नव्हतं. टेप पुसून पुन्हा वापरता येते, हा तिचा मोठा गुण म्हणून सांगितला जाई. नटांच्या संघटनांचे पुनःप्रक्षेपणाबद्दलचे नियम कडक होते, रंगीत टीव्ही आल्यावर जुन्या कृष्णधवल भागांना गिऱ्हाईक राहिलं नाही, आणि घरोघरी कॅसेट विकता येईल ही कल्पना कोणाच्या डोक्यात नव्हती. म्हणून अॅसिमॉव्हच्या ‘द नेकेड सन’ वरचा भाग गेला. ‘द प्रॉफेट’ हा यंत्रमानवांवरचा भागही गेला. त्यातल्या यंत्रमानवांचे पोशाख मात्र १९६८ साली ‘डॉक्टर हू’ या मालिकेतल्या एका कथेत पुन्हा वापरले गेले आणि ती कथा टिकली. त्यामुळे आज आपल्याला त्या यंत्रमानवांचे कपडे दिसतात, ज्या गोष्टीसाठी ते शिवले ती दिसत नाही.

उरलेल्या वीस भागांत ‘द डेड पास्ट’ आहे याचं मला विशेष वाटतं. त्यात एका इतिहासाच्या प्राध्यापकाला प्राचीन कार्थेज पाहायचं असतं. भूतकाळ पाहण्याचं यंत्र असतं, पण ते सरकारच्या ताब्यात, आणि परवानगी मिळत नाही. २०१४ साली ब्रिटिश फिल्म इन्स्टिट्यूटने उरलेले भाग डीव्हीडी संचात आणले. हरवलेल्या काही भागांचा वाचलेला आवाज आणि छायाचित्रं जोडून त्यांची पुनर्रचनाही केली. ब्रिटनमध्ये साठच्या दशकातल्या अनेक हरवलेल्या कार्यक्रमांचा आवाज आज ऐकायला मिळतो तो घरात टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर लावून बसलेल्या प्रेक्षकांमुळे. संस्थेने पुसलं ते शाळकरी पोरांच्या खोक्यांत सापडलं.

आपल्याकडे येताना वाट धाराशिव जिल्ह्यातल्या उमरग्यावरून जाते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं वर्षभर भारताने उपग्रहावरून खेड्यांत टीव्ही दाखवण्याचा प्रयोग केला. नासाचा एटीएस-६ हा उपग्रह त्यासाठी वर्षभर मिळाला होता. सहा राज्यांतली २,४०० गावं निवडली होती. महाराष्ट्र त्यांत नव्हता, पण कर्नाटकातला गुलबर्गा जिल्हा होता, आणि उमरगा तालुक्याची शीव ओलांडली की आळंद तालुका, म्हणजे गुलबर्गाच. जाळीच्या, सुमारे तीन मीटर व्यासाच्या साध्या अँटेना गावात उभ्या राहिल्या. त्याच वेळी कोलंबोत आर्थर सी. क्लार्क या विज्ञानकथाकाराच्या घरी इस्रोच्या अभियंत्यांनी एक अँटेना बसवून दिली. कारण पृथ्वीभोवती स्थिर भासणाऱ्या कक्षेतून संदेश पाठवण्याची कल्पना त्याने ऑक्टोबर १९४५ मध्ये एका ब्रिटिश मासिकात सविस्तर मांडली होती. विज्ञानकथाकाराने तीस वर्षांपूर्वी कागदावर मांडलेली गोष्ट आपल्या शिवेपलीकडच्या गावांत चालू होती. त्याच क्लार्कच्या ‘द स्टार’ या कथेवर १९८५ साली, नव्याने सुरू झालेल्या ‘ट्वायलाइट झोन’ मध्ये एक भाग झाला.

मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. १९८२ च्या एशियाडबरोबर रंग आला, आणि १९८४ च्या सुमारास देशभर लहान प्रक्षेपण केंद्रांचा सपाटा लागला तेव्हा जिल्ह्याच्या गावांना टीव्ही खऱ्या अर्थाने दिसू लागला. विज्ञानकथा दूरदर्शनवर तुरळक आल्या. ‘स्टार ट्रेक’ चे भाग आले, १९८९ मध्ये ‘इंद्रधनुष’ आली, १९९८ मध्ये ‘कॅप्टन व्योम’. दर आठवड्याला नवी गोष्ट सांगणारी विज्ञानकथा मात्र आपल्याकडे पडद्यापेक्षा कागदावर वाढली. मराठी विज्ञान परिषद १९६६ साली स्थापन झाली आणि तिच्या विज्ञानकथा स्पर्धेने लेखकांची एक पिढी घडवली. १९७४ च्या स्पर्धेत नारायण विनायक जगताप या नावाने ‘कृष्णविवर’ ही कथा आली आणि पहिली ठरली. लेखक होते जयंत विष्णु नारळीकर. आद्याक्षरं उलटी करून नाव घेतलं होतं, म्हणजे परीक्षकांवर आपल्या नावाचं दडपण येऊ नये. बाळ फोंडके, लक्ष्मण लोंढे, निरंजन घाटे, सुबोध जावडेकर यांच्या कथा दिवाळी अंकांतून आल्या. मराठी वाचकाला दर वर्षी या अंकांतून डझनभर स्वतंत्र विज्ञानकथा मिळत. सर्लिंगने जे टीव्हीवर केलं, ते इथे ‘किर्लोस्कर’ सारख्या मासिकांच्या आणि दिवाळी अंकांच्या परंपरेने केलं, असं म्हणायला मला काहीच संकोच वाटत नाही.

नारळीकरांची पानिपतची गोष्ट तर सर्लिंगच्या मालिकेत शोभली असती. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा मुंबईत उतरतात जिथे ईस्ट इंडिया कंपनी अजून आहे, कारण १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे हरले नव्हते. ग्रंथालयात बखर काढून ते पाहतात: गोळी विश्वासरावांना लागलीच नाही, चाटून गेली. पुढे आझाद मैदानावर गोंधळ होतो, मार बसतो, आणि ते आपल्या जगात परत येतात. आपण खरंच तिथे होतो याचा एकच पुरावा त्यांच्याकडे उरतो, खिशात राहिलेलं बखरीचं फाटकं पान. या कथेचं इंग्रजी रूप एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकात गेलं, त्यामुळे ती देशभरातल्या मुलांनी वाचली. एक अख्खं जग नाहीसं झालं आणि त्याची नोंद असलेला एक कपटा राहिला. संग्राहकाच्या कामाचं इतकं नेमकं चित्र मी दुसऱ्या कुठल्या कथेत पाहिलेलं नाही.

धाराशिवकराला अशा कपट्यांचं मोल परक्याने सांगायची गरज नाही. तेर हे गाव म्हणजे प्राचीन तगर. रोमन व्यापाराच्या काळातल्या ग्रीक प्रवासवर्णनात त्याचा उल्लेख आहे. त्या गावात रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, ओढ्याकाठी, पांढरीच्या मातीत सापडणारी खापरं, मणी, नाणी, मातीच्या मूर्ती आयुष्यभर गोळा केल्या. इतरांना तो कचरा वाटत होता. त्यांच्या संग्रहातूनच आजचं तेरचं शासकीय वस्तुसंग्रहालय उभं राहिलं आणि त्याला त्यांचं नाव आहे. सातवाहन काळातल्या तेरबद्दल आज जे बोललं जातं, त्यातला मोठा भाग एका घरच्या संग्रहावर उभा आहे.

व्हिडिओ कॅसेटच्या बाबतीतही असंच झालेलं आहे. फिलाडेल्फियातल्या मॅरियन स्टोक्स या ग्रंथपाल बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये मृत्यू येईपर्यंत घरात अनेक व्हीसीआर लावून अमेरिकन टीव्हीच्या बातम्या अखंड टेप केल्या. सुमारे ७०,००० कॅसेटी जमल्या. वाहिन्यांनीही न जपलेलं पुष्कळ काही त्यांत आहे, आणि आता तो संग्रह इंटरनेट आर्काइव्ह या संस्थेकडे आहे.

आता आपलं कपाट. ऐंशीच्या आणि नव्वदच्या दशकात कळंब, तुळजापूर, परंडा अशा गावांत टीव्ही आणि व्हीसीआर एका रात्रीच्या भाड्याने मिळे आणि पहाटेपर्यंत तीन पिक्चर होत. ज्यांच्या घरी स्वतःचा व्हीसीआर होता, त्यांनी दूरदर्शनवरची नाटकं, मालिका, मुलाखती टेप केल्या. दूरदर्शन आपलं चित्रण पाऊण इंची यू-मॅटिक टेपवर करी. तीही महाग, तीही पुन्हा वापरली जाई. म्हणून अशा कॅसेटीत नेमकं काय आहे हे पाहिल्याशिवाय टाकून देऊ नये. लग्नाची कॅसेट असेल तरी शेवटपर्यंत पाहावी. तीन तासांच्या कॅसेटवर लग्न सव्वादोन तासांत संपलं की उरलेल्या पाऊण तासात कोणीतरी टीव्हीवरचं काही टेप केलेलं असतं, किंवा आधीच्या चित्रणाचा शेवट तसाच राहिलेला असतो. तारीख लिहिलेली नसली तरी मध्ये आलेल्या जाहिराती, बातम्यांचा तुकडा, क्रिकेटचा धावफलक यांवरून वर्ष काढता येतं.

कॅसेटच्या आत अर्धा इंच रुंद, पॉलिएस्टरची पातळ पट्टी असते. तिच्यावर लोहाच्या ऑक्साइडचे सूक्ष्म कण एका गोंदासारख्या रसायनाने चिकटवलेले असतात. चित्र म्हणजे या कणांची चुंबकीय मांडणी. व्हीसीआरमधला तिरका बसवलेला ड्रम आपल्याकडच्या पाल पद्धतीत मिनिटाला १,५०० फेरे घेतो, आणि त्यावरची हेड्स पट्टीवर तिरक्या रेघांमधून चित्र उमटवतात किंवा वाचतात. चित्र ६२५ रेषांचं आणि सेकंदाला २५ वेळा बदलणारं. अमेरिकेत ५२५ रेषा आणि सुमारे ३०. म्हणून न्यू जर्सीच्या नातेवाइकाने हौसेने पाठवलेली ‘ट्वायलाइट झोन’ ची कॅसेट इथल्या साध्या व्हीसीआरवर नीट चालत नसे. मल्टिसिस्टिम यंत्र लागे. डीव्हीडीने वेगळं कुलूप लावलं: अमेरिका पहिला प्रदेश, भारत पाचवा. ब्लू-रेमध्ये अमेरिका ए, भारत सी. बाहेरून संच मागवणाऱ्याने डब्यावरचा हा आकडा किंवा अक्षर आधी पाहावं.

टेपचा पहिला शत्रू दमटपणा. कण धरून ठेवणारं रसायन हवेतलं पाणी शोषून हळूहळू तुटतं, पट्टी चिकट होते, हेडवर काळपट थर बसतो. बुरशी लागली तर रिळाच्या कडेवर पांढरे ठिपके दिसतात. बालाघाटच्या पठारावरची कोरडी हवा या बाबतीत आपल्या बाजूची आहे. कोकणातल्या घरात जी कॅसेट केव्हाच बुरसली असती ती इथे तग धरते. पण पत्र्याखालचा माळा मेमध्ये तापतो, पट्टी ताणली जाते, रिळाचे वेढे सरकतात. धूळ तर आहेच. कॅसेटी घराच्या मधल्या, थंड खोलीत, पुस्तकासारख्या उभ्या, पूर्ण गुंडाळलेल्या ठेवाव्यात, आणि स्पीकरपासून दूर, कारण त्यात चुंबक असतं.

डिजिटल करून घ्यायची असेल तर लवकर करावी. व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी, जपानची फुनाई, तिने जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवलं. चालू यंत्रं आणि ती दुरुस्त करणारे हात दोन्ही कमी होत आहेत. कॅसेटच्या पाठीवरची प्लास्टिकची छोटी टिकली आधी मोडावी, म्हणजे चुकून तिच्यावर दुसरं काही टेप होणार नाही. बरीच वर्षं पडून असेल तर एकदा शेवटपर्यंत पुढे आणि परत मागे गुंडाळावी. त्याने ताण सारखा होतो. बुरशीचे ठिपके असतील तर यंत्रात घालूच नये, नाहीतर हेडवरून ती पुढच्या सगळ्या कॅसेटींना लागते. काम करणाऱ्या स्टुडिओवाल्याला सांगावं की चित्र मूळ आकारात, ७२० बाय ५७६, सेकंदाला २५ असंच घ्या. मोठ्या टीव्हीसाठी ताणून रुंद करू नका, त्याने चेहरे बेढब होतात आणि नंतर नीट सुधारता येत नाहीत. तीन तासांच्या कॅसेटला तीन तासच लागतात, हे काम घाईने होत नाही.

ज्यांनी दोन हजारच्या दशकात कॅसेटी डीव्हीडीवर उतरवून घेतल्या, त्यांनी निश्चिंत राहू नये. कारखान्यात ठसा मारून बनवलेली डीव्हीडी टिकाऊ असते. घरी किंवा दुकानात ‘राइट’ केलेल्या डिस्कमध्ये मात्र रंगद्रव्याचा थर असतो, तो उष्णतेने आणि उजेडाने बिघडतो आणि मग डिस्क अचानक वाचलीच जात नाही. त्या फायली हार्ड डिस्कवर घ्याव्यात, दुसरी प्रत वेगळ्या घरात ठेवावी, आणि डिजिटल झाली म्हणून मूळ कॅसेट फेकू नये.

सप्टेंबर २०२५ मध्ये परंडा-भूम भागात पुराचं पाणी घरांत शिरलं तेव्हा कपाटांतली कागदपत्रं, फोटो, कॅसेटी सगळं चिखलात गेलं. भिजलेली कॅसेट लगेच लावून पाहण्याचा मोह होतो; तो टाळावा. कवचाचे स्क्रू उघडून रिळं काढावीत, शक्य असेल तर डिस्टिल्ड पाण्याने गाळ हलक्या हाताने धुवावा, सावलीत, पंख्याच्या मंद वाऱ्यावर वाळवावीत, ऊन किंवा हेअर ड्रायर वापरू नये. पूर्ण कोरडी झाली की रिळं दुसऱ्या चांगल्या कॅसेटच्या कवचात बसवून आधी हाताने फिरवून पाहावीत. पॉलिएस्टरची पट्टी पाण्याने लगेच नष्ट होत नाही. गाळ त्यावर सुकू दिला तर मात्र ती ओरखडते, म्हणून पहिले काही दिवस महत्त्वाचे.